गोठ्याची भिंत

माहीमच्या एका वाडीत माझ्या ओळखीच्या एका आजोबांचं जुनं दगडी घर होतं. घराला लागून गोठा आणि दोन्हींत एकच भिंत. गुरं जाऊन वर्षं लोटली होती, तरी गोठ्यात शिरण्याआधी ते त्या भिंतीवर थाप मारत आणि म्हणत, "येतोय गं." मला हसू यायचं. ते म्हणत, "हसा, इंजिनिअरसाहेब. न सांगता आत गेलं की बिचारी बिचकतात."

गोठ्यामुळे घरात अंधार असायचा. "पाडून टाका, घराला काही होत नाही," असं मीच त्यांच्या मागे लागलो. ते म्हणत, "दोघं एकमेकांना धरून आहेत हो." शेवटी माझ्या शब्दाखातर त्यांनी गोठा पाडला. महिन्याभरात ती भिंत बाहेर कलली आणि घर सोडावं लागलं.

पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "कोणी सांगितलं होतं पाडायला?" मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मलाच उजेड हवा होता."

म्हाताऱ्याने हौसेपायी घर घालवलं, असं वाडीत आजही बोलतात. ती हौस माझी होती. ते होते तोवर हे मी कोणालाच सांगितलं नाही.