पापडांची शिफ्ट

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नातले पापड मी बिघडवले नाहीत. मी फक्त त्यांचं उत्पादन वाढवलं.

ऐंशी सालाच्या आगेमागे मी नाशकात, सातपूरच्या एका कारखान्यात होतो. तिथे पंपांचे वॉल्व्ह बनायचे. मी मात्र काहीच बनवत नसे. कामगार काम करत असताना त्याच्या खांद्यामागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि त्याला किती वेळ लागतो ते लिहायचं, ही माझी नोकरी! (याचा पगार मिळतो, हे आईला कधीच पटलं नाही. "तो काम करतो, तू बघतोस, आणि पैसे दोघांना?" असं ती पाहुण्यांसमोर विचारायची.)

त्यात कंपनीने मला मुंबईला वेळेच्या नियोजनाच्या शिबिराला धाडलं. टाय लावलेले एक गृहस्थ आम्हाला दिवसभर सांगत होते की हिंदुस्थान मागे का, तर हिंदुस्थानी माणूस कामाच्या वेळी गप्पा मारतो म्हणून. हे ते गृहस्थ सकाळपासून संध्याकाळपर्यंत न थांबता बोलत होते! पण मी भारावलो. नाशकात उतरलो तो पेटूनच.

घरी आल्या आल्या मी मंगलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मागे स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. ती चहा करत होती. साखरेचा डबा डावीकडे आणि चहाचा उजवीकडे असल्यामुळे तिचे हात विनाकारण किती फिरतात, हे मी तिला आकृती काढून समजावलं.

"अहो," ती म्हणाली, "आकृती झाली असेल तर चहा पिऊन टाका. गार झाला."

इथेच मी थांबायला हवं होतं. पण वैशाखात सुशीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं होतं आणि आईने रुखवताच्या पापडांचा दिवस काढला होता. आता पापडांची गोष्ट आमच्या घरात साधी नव्हती. थोरली ताई पिंपळगाव बसवंतला दिलेली. तिच्या लग्नाच्या वेळी आई आजारी पडली, म्हणून पापड विकत आणले. झालं! तिच्या सासूने पहिल्याच पंगतीत पापड मोडला आणि म्हणाली, "पापड बाजारचे दिसतात. सून तरी घरची आहे ना?" तेव्हापासून त्या घरात पापड तळला की ताईला हे वाक्य तोंडी लावायला मिळायचं. आईने ते मनाला फार लावून घेतलं होतं. सुशीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, घरचे पापड करूनच पोरगी मनमाडला पाठवायची, असं तिने जाहीर केलं होतं.

मी म्हणालो, "आई, तू काही काळजी करू नकोस. मी रजा टाकतो. सगळं माझ्यावर सोड."

तिला काळजी तेव्हापासून सुरू झाली.

पापडांना कॉलनीतल्या तिघीजणी यायच्या. शेवंताकाकू मूळच्या सायखेड्याच्या. लाटण्यात आणि बोलण्यात त्यांचा हात धरणारं सातपुरात कोणी नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या रझियाभाभी, आणि समोरच्या कांबळेबाई, शाळेत शिक्षिका, सुट्टी लागली म्हणून मोकळ्या. पद्धत अशी, की आज तुमच्याकडे तर उद्या आमच्याकडे. कोणी कोणाला काही द्यायचं नाही. लाटता लाटता उडदाच्या पिठाच्या लाट्या तेलात बुडवून खायच्या आणि कॉलनीतल्या समस्त गैरहजर लोकांबद्दल बोलायचं, हीच मजुरी.

आदल्या वर्षी मी हा प्रकार पाहिला होता आणि मला तो आठवून आता घाम फुटला. बायका खोलीत लाटायच्या, तिथेच जुन्या साड्यांवर पापड पसरायच्या. जागा भरली की कोणीतरी म्हणायचं, "थांबा गं जरा, सुकू द्या." मग लाटणी खाली! लाट्या, गप्पा, खिदळणं. बऱ्याच वेळाने सगळ्या उठायच्या, सुकलेले पापड गच्चीवर नेऊन उन्हात घालायच्या आणि पुन्हा सुरू. निम्मा दिवस असा वाया! मंगल म्हणाली, "अहो, वाया कसला? तेवढ्यात ते..." मी तिला हाताने थांबवलं. शिबिरात सांगितलं होतं की सुधारणेला पहिला विरोध घरातून होतो.

ठरल्या दिवशी मी भिंतीवर तक्ता लावला. आई लाट्या कापणार. तिघी फक्त लाटणार, उठणार नाहीत. सुशी आणि मंगल लाटलेले पापड परातीत रचणार. आणि परात उचलून थेट गच्चीवर नेऊन पसरणं हे वाहतुकीचं काम माझ्याकडे. पहिली घंटा म्हणजे काम सुरू, दुसरी घंटा म्हणजे शिफ्ट संपली. खाली दोन नियम लाल शाईत: कामाच्या वेळी बोलू नये. लाट्या खाऊ नयेत.

तिघी आल्या, बसल्या. तक्त्याकडे कोणी पाहिलंच नाही. शेवंताकाकूंनी पहिली लाटी तेलात बुडवली आणि तोंडाकडे नेली.

"काकू," मी म्हणालो, "तो कच्चा माल आहे."

काकूंचा हात तोंडापाशी थांबला. लाटीवरचा तेलाचा थेंब टपकन परातीत पडला. आईने डोळे मिटून घेतले.

"हे बघा, गैरसमज नको," मी म्हणालो. "खाल्लेल्या लाट्यांचा हिशेब केला तर अख्खा एक डबा पापड पोटात जातात. आणि बोलण्याने हाताचा वेग कमी होतो."

काकूंनी लाटी सावकाश परातीत ठेवली. "बरं," त्या म्हणाल्या. बस, तेवढंच! शेवंताकाकूंचं एका शब्दाचं वाक्य मी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"म्हणजे वर्गात बडबड नको," कांबळेबाई म्हणाल्या. "आलं लक्षात."

"भाईजान," रझियाभाभींनी बोट वर केलं, "पाणी पिऊ का? की त्याला पण अर्ज करायचा?"

मी उदारपणे परवानगी दिली. देवघरातली घंटा आणून ठेवली होती, ती वाजवली. काम सुरू!

आणि काय सांगू तुम्हाला! तोंडं बंद झाल्याबरोबर तिघींचे हात असे चालायला लागले की माझ्या कारखान्यातल्या यंत्रांनी लाजावं. लाट, फेक, लाट, फेक! मी आनंदाने स्टॉपवॉचकडे पाहत होतो. वेग आदल्या वर्षीच्या दुप्पट! वाटलं, मुंबईच्या त्या गृहस्थांना तार करावी.

"दादा, परात भरली," सुशी म्हणाली.

मी परात उचलून दोन जिने चढलो. गच्चीवर एकेक पापड साडीवर पसरला आणि खाली आलो. तर दोन पराती भरलेल्या.

"जरा दमाने," मी म्हणालो.

तिघींनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि अजिबात न बोलता वेग वाढवला.

दुसऱ्या खेपेला वर गेलो तर वैशाखाचा वारा सुटलेला. साडीचं एक टोक उडून अर्ध्या पापडांची घडी झाली होती. एक पापड पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला होता. तो उतरवायला चढलो तेवढ्यात आणखी काही गेले. खाली आलो तर पराती संपून ताटं भरलेली. चौथ्या-पाचव्या खेपेला माझे गुडघे बोलायला लागले. (त्यांना नियम लागू नव्हता.) कारखान्यात एखादा कामगार असा धापा टाकताना दिसला की मी वहीत 'अनावश्यक विश्रांती' असं लिहीत असे. मी जिन्यात बसून बरीच अनावश्यक विश्रांती घेतली.

खाली उतरलो तेव्हा सुशी रडकुंडीला आली होती. ताटं संपली म्हणून तिने पापडांवर पापड, त्यावर पापड, असा ओल्या पापडांचा बुरूज उभारला होता. मी वरचा पापड उचलायला गेलो. बुरूज उचलला गेला! सगळे पापड एकमेकांना असे चिकटले होते की आता त्यांचा मिळून उडदाचा एकच पाट झाला होता.

"सुकू न देता रचले की चिकटतात," मंगल शांतपणे म्हणाली. "म्हणून मधे थांबतात. हेच सांगत होते त्या दिवशी."

"मग लाटणं थांबवा ना!" मी ओरडलो.

"बोलायचं नाय म्हून सांगितलं व्हतं ना भाऊ," शेवंताकाकू म्हणाल्या, "न्हाय तर कवाच सांगितलं असतं."

माझा तोल सुटला. सगळं थांबावं म्हणून मी हातात आली ती घंटा जोरात वाजवली.

ही घंटा वाजवणं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. कारण तक्त्यात मीच लिहिलं होतं की दुसरी घंटा म्हणजे शिफ्ट संपली! तिघी एकदम उठल्या. काकूंनी अर्धा लाटलेला पापड पोळपाटावर तसाच ठेवला, पदराला हात पुसले.

"अहो, अजून निम्मं पीठ राहिलंय!"

"नियम म्हंजे नियम," काकू म्हणाल्या, आणि तिघी रांगेने निघून गेल्या. तेही अगदी शिस्तीत!

आईने उरलेल्या पिठावर ओलं फडकं टाकलं. मग ती खाली बसली आणि चक्क रडायला लागली. मला वाटलं होतं शिव्या घालील. त्या मी सोसल्या असत्या.

"मधू, संध्याकाळपर्यंत हे पीठ कडक होईल रे," ती म्हणाली. "सुशीला पण तेच ऐकून घ्यायला लागणार का आता जन्मभर?"

"दादा, लग्न माझं आहे," सुशी म्हणाली. "तुझ्या कारखान्याचं नाही."

खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तक्ता फाडला, वाटीत लाट्या आणि तेल घेतलं आणि भर दुपारी अनवाणीच शेवंताकाकूंच्या दारात जाऊन उभा राहिलो. फरशी अशी तापलेली की मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो. रझियाभाभी आणि कांबळेबाई तिथेच बसल्या होत्या आणि तिघींच्या तोंडून सकाळपासूनचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. विषय अर्थातच मी. मला पाहूनही त्यांनी तो बदलला नाही.

"काकू, चुकलो," मी वाटी पुढे केली. "पाहिजे तेवढ्या खा. पण चला. आई रडतेय."

आई रडतेय म्हटल्यावर काकू उठल्याच. पण वाटी त्यांनी माझ्याकडे परत सारली. "आदी तुमी खा."

मी लाटी तेलात बुडवून तोंडात टाकली. हिंग, मिरी, उडदाचा तो चिवट ओला गोळा. वा! लहानपणानंतर मी ती खाल्लीच नव्हती. मी दुसरी उचलली.

"कच्चा माल हाय तो," काकू म्हणाल्या. त्यावर तिघी अशा हसल्या की मलाही हसू फुटलं.

त्यांची अट एकच. मी ओट्यावर बसायचं. आत यायचं नाही, उठायचं नाही, काय बी करायचं नाय! मी बसलो. आतून लाटण्यांचा आवाज, मधेच शांतता, मधेच हशा, मग पायांचा आवाज जिन्यावरून वर, परत खाली. माझ्या चालण्याची नक्कल कांबळेबाई फार छान करतात, असं हशावरून वाटलं. उन्हं कलायच्या आत पीठ संपलं. डबे भरले. चिकटलेला पाट आईने गाईला घातला. गाईने तो बराच वेळ चघळला.

लग्नाच्या पंगतीत मनमाडच्या विहीणबाई बसल्या. आईच्या हातातलं वाढपाचं ताट तसंच राहिलं. विहीणबाईंनी पापड उचलला, उजेडात धरला, मोडला, खाल्ला. मला वाटतं, आईने तोवर श्वास घेतला नसावा.

"घरचा आहे," विहीणबाई म्हणाल्या. "आणखी एक वाढा."

आईचे डोळे भरून आले. सुशीने मुंडावळ्यांआडून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. विहीणबाई कौतुकाने माझ्याकडे वळल्या, "मुलीच्या भावाने रजा घेऊन मदत केली म्हणे पापडांना?"

मी नम्रपणे काही बोलणार, तोच शेवंताकाकू पलीकडच्या पानावरून म्हणाल्या, "व्हय तर! लय मदत झाली. दुपारच्यानंतर ते नुसते बसून व्हते, म्हून तर पापड झाले!"

मी बाजूला नुसता बसलो की काम नीट होतं, हे काकूंना एका दुपारीत कळलं. आमच्या कारखान्याला मात्र ते कळायला कैक वर्षं लागली. कळलं तेव्हा त्यांनी मला ताबडतोब मॅनेजर केलं.