पूजा झालेलं इंजिन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी नगरच्या मिस्त्रींचं नाव घेतो. नाव तरी काय, आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचो. पहिल्या भेटीत ते एसटीतून उतरले, वहाणा काढून माझ्या हातात दिल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि थेट रस्त्याच्या चिखलात जाऊन उभे राहिले.

"धरा, बीए," ते म्हणाले. "आधी रस्त्याला इचारतो, मंग गाडीला."

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, हे आमच्या अध्यक्षांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. एकाहत्तरचा आषाढ होता. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका लहान दवाखान्याच्या कमिटीचा मी पगारी चिटणीस होतो. दवाखान्याकडे लष्कराच्या लिलावात घेतलेला एक ट्रक होता. चारही चाकांना जोर, पण पेट्रोलचं इंजिन पार थकलेलं. पावसाळ्यात तो घाटापलीकडच्या गावांना पोचतच नसे. तिकडची बाळंतीण झोळीतून आणावी लागे. म्हणून ट्रकला दुसरं इंजिन बसवायला कमिटीनं मिस्त्रींना बोलावलं होतं.

त्यातलंच एक गाव माझं. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या अक्काला असंच झोळीतून आणलं होतं. वाटेतच बाळ गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि श्रावण भरात असताना ती बाळंत होणार होती. मी हे मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी सांत्वन केलं नाही. "म्हंजी म्हैना हाय आपल्याकडं," एवढंच म्हणाले.

इंजिन मात्र कमिटीनं आधीच घेऊन ठेवलं होतं. भंगारात निघालेल्या लॉरीचं भलंमोठं डिझेल इंजिन. त्याला हार घातला होता, नारळ फोडला होता. मिस्त्रींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"झकास हाय. पर आपल्या गाडीला न्हाई."

"अहो, ताकद बघा त्याची!" अध्यक्ष म्हणाले.

"वजन बघा, अध्यक्ष. तुमी चौघं जरा बॉनेटवर बसा."

अध्यक्ष, पाटील आणि दोन सभासद, चौघेही धोतरं सावरत बॉनेटवर चढले. मिस्त्रींनी जुन्याच इंजिनावर ट्रक चिखलात घातला. पुढची चाकं गरगरली आणि नाक खाली जात जात बंपर चिखलाला टेकला. "आता उतरा," मिस्त्री ओरडले. चौघे उतरले, पोटरीपर्यंत रुतले. ट्रक मात्र धापा टाकत मागे सरकला आणि सुटला.

"तुमचं इंजिन जुन्यापरीस तुमा चौघांएवढं जड हाय," मिस्त्री म्हणाले.

अध्यक्ष धोतर झटकत कळवळून म्हणाले, "पण मिस्त्री, पूजा झालीय हो त्याची!"

"मंग हिरीवर बसवू. दवाखान्याला पानी काढंल. पूजाबी फुकट जानार न्हाई."

पाटील एवढे हसले की पुन्हा रुतले.

मिस्त्रींनी नगरहून एक लहान, हलकं डिझेल इंजिन आणलं. गिअरबॉक्स निवडला तो भलत्याच गाडीचा. त्याचा पहिला गिअर इतका संथ की आमचा ड्रायव्हर वैतागला. "मिस्त्री, यापरीस बैलगाडी काय वाईट?"

"गड्या, चिखलात चाक पळालं का खड्डा खनतं. सावकाश फिरलं का धरून चालतं. तुला शर्यत जिंकायचीय का बाई आनायचीय?"

इंजिन एका घरचं, गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा. दोन्हींची तोंडं जुळेनात. मिस्त्री त्याला सोयरिक म्हणत. मध्ये बसवायची जाड लोखंडी तबकडी त्यांनी कानशीनं घासून बनवली. घासायचे, बसवायचे, इंजिन चालू करून डोळे मिटून तळहात टेकवायचे आणि मान हलवायचे. "न्हाई, कुरकुर हाय." पुन्हा सगळं खाली. मी हात टेकवला तरी मला काहीच जाणवत नसे. शेजारी उभा राहून मी नुसता बघत राही. देवळात उभं राहावं तसं वाटे.

रोज सकाळी चहाच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असे. "अक्काचा काय निरोप?"

एका सकाळी त्यांनी तळहात ठेवला, तो बराच वेळ उचललाच नाही. मग डोळे उघडून म्हणाले, "नांदतील." त्याच दिवशी स्वतः ट्रक घेऊन ते घाट चढून उतरून आले, किल्ली ड्रायव्हरच्या हातात दिली आणि दुपारच्या एसटीनं नगरला गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. श्रावणात मी त्यांना हे पत्र पाठवलं.

ती. मिस्त्री यांस सा. न. वि. वि.

काल पहाटे निरोप आला. पाऊस थांबत नव्हता. ओढ्याच्या अलीकडे चिखल इतका होता की ड्रायव्हरनं डोळे मिटून घेतले असं तो सांगतो, पण ते खोटं असावं. ट्रक कुठेही थांबला नाही. अक्काला आणि आईला घेऊन तो दवाखान्याच्या दारात आला तेव्हा आम्ही सगळे व्हरांड्यात होतो. अक्काला लगेच आत नेलं. इंजिन बंद करायचा ड्रायव्हरला धीर झाला नाही. ते तसंच चालू राहिलं. त्या आवाजातही आम्हाला बाहेर बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी आहे.

आपला,
बीए