आधी पाणी

ऐन मे महिन्यात, नागपूर भाजून निघत असताना, माणूस शिकारीला का जातो, याचा कधी विचार केलाय? जंगलात तेव्हा एखादंच डबकं उरतं, म्हणून.

आमच्या मोहल्ल्यातला सायकल-मिस्त्री जायचा. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, तोंडी सदा "आरामात गा". एकदा कुतूहलानं मीही कुहीकडच्या जंगलात त्याच्यासोबत गेलो. भर दुपारी डबक्यावर चितळ आलं. त्यानं नेम धरला, पण चितळाचं पिऊन होईपर्यंत थांबला. मगच गोळी झाडली.

"भाऊ, मारायचंच होतं तर थांबले काहून?"

"दारी आलेल्याले आधी पाणी देतो ना गा आपण?"

त्याच्या दयेबद्दल मला शंका नाही. भीती तिचीच वाटते. तुम्हाला कोणी पाणवठ्यावर शिकारीला बोलावलं, तर जाऊ नका. त्यालाही जाऊ देऊ नका.