नापासबाईंची बोट

माझ्या मावशीला लोक नापासबाई म्हणायचे, आणि त्यात लोकांचा काही दोष नव्हता. गाडीचं लायसन्स हवं असलेल्यांची परीक्षा घेणं हे तिचं काम. मांडीवर पॅड घेऊन ती बाजूच्या सीटवर बसायची आणि समोरच्याने पहिला गिअर टाकायच्या आतच तिच्या चेहऱ्यावर निकाल लागलेला असायचा. "आरसा बघितलात? नाही. मग तो काय केस विंचरायला लावलाय?" भलीभली माणसं तिच्या गाडीतून घाम पुसत उतरायची.

घरीही कुणाला सूट नव्हती. डॉक्टर, इस्त्रीवाला, टीव्हीवर हवामान सांगणारी बाई, माझा नवरा, सगळे आपापल्या विषयात नापास. काकांनी निकालाची वाट बघणं केव्हाच सोडलं होतं. त्यांचं कुलपांचं दुकान होतं. दिवसभर न बोलणाऱ्या वस्तूंबरोबर राहायला मिळतं, एवढ्यावर ते सुखी होते.

ही निवृत्त झाली की आता आपली खैर नाही, अशी सगळ्या नातेवाइकांना धास्ती होती. पण एका दुपारी जेवताना तिने वेगळंच काढलं.

"मी बोट घेतेय."

काकांनी घास गिळला. "कसली बोट?"

"शिडाची. वापरलेली, परवडेल अशी. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, एकेक बंदर बघायचं."

"अगं, पण तुला पोहता कुठे येतं?"

"बोट घेतेय मी. मासा नाही व्हायचंय."

मग कळलं की ती योगासनांच्या वर्गाला म्हणून जायची, ती खरं तर तलावात शिडाच्या बोटी चालवायला शिकवणाऱ्या एका क्लबात. रीतसर परीक्षा देऊन प्रमाणपत्रसुद्धा मिळवलं होतं. तिथल्या शिक्षकाबद्दल तिचं मत अर्थातच वाईट होतं. "जन्मभर बाजूच्या सीटवर बसले," ती ताट उचलत म्हणाली. "दुसऱ्यांच्या हातातलं स्टिअरिंग बघत. बास झालं."

गाडी माझ्याकडे होती, त्यामुळे बोटी बघत हिंडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला वाटायचं, दोन ठिकाणी पाणउतारा करून येईल आणि गप्प बसेल.

पहिली बोट एका दलालाने दाखवली. काळा चष्मा, पांढरे बूट, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "मॅडम". "एका हातची आहे मॅडम. जवळजवळ वापरलेलीच नाही."

"म्हणजे सडलेली," मावशी म्हणाली. बोट काय गादी आहे का, न वापरता ठेवली तर नवी राहायला? ती छत्री घेऊन डेकवर चढली आणि पावलागणिक टोकाने ठोकत गेली. टक, टक, टक, मग एकदम भद्द. तिथे तिने टाच दाबली तर डेक पावासारखं खाली गेलं. खालच्या केबिनमध्ये ओल्या मोज्यांचा वास होता. दलालाने तो झाकायला अत्तराची बाटली उघडून ठेवली होती.

"थोडं रंगाचं काम आहे मॅडम."

"रंगाचं नाही, रद्दीवाल्याचं आहे."

दुसरी बोट एका दातांच्या डॉक्टरांची. बाहेरून चकाचक, आत मखमली बैठका, भला मोठा टीव्ही, पेले उलटे टांगायला लाकडी पट्ट्या. शिडं मात्र अजून कंपनीच्या पिशवीतच. बोटीने धक्का कधी सोडला नव्हता, हे सांगताना डॉक्टरांच्या चेहऱ्यावर कौतुकच होतं.

"ही बोट आहे की दवाखान्यातली बसायची खोली?" मावशीने विचारलं. "आणि नांगर कुठाय?"

नांगर सापडेना. शोधता शोधता डॉक्टर थबकले आणि तिच्याकडे निरखून बघायला लागले. "तुम्ही त्याच ना? मला तीनदा नापास केलंत!"

"चौथ्यांदा मी रजेवर असणार," मावशी म्हणाली आणि उतरली.

अशा कितीतरी. एका माणसाने इंजिन आधीच तापवून ठेवलं होतं, थंड असताना ते चालूच होत नाही हे आम्हाला कळू नये म्हणून. मावशीने झाकणावर हात ठेवला आणि त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने आपणहून किंमत उतरवली. एका जोडप्याच्या बोटीच्या तळात पाणी साचलेलं होतं आणि ते कुणामुळे यावर त्यांचं आमच्यासमोरच भांडण जुंपलं. परत येताना ती गाडीत बसून सगळ्यांवर यथेच्छ तोंडसुख घ्यायची. मला सुरुवातीला मजा येत होती. नंतर कानात कापूस घालावासा वाटायला लागला.

मग ती हिरवी बोट आली. लहानशी, रंग विटलेला, पाठीवर पक्ष्यांनी केलेली घाण, शिडाला ठिगळं. मावशी धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिने सुरू केलं. "हिला बोट म्हणतात? आंघोळीच्या टबात काठी रोवलीय नुसती. विकणाऱ्याला लाज नाही ती नाही, पण डोळेही नाहीत का?"

"कान आहेत," आतून आवाज आला.

झाकण सरकवून एक बाई वर आल्या. सत्तरीच्या पुढच्या, आखूड केस, नाकावर चष्मा. वकिली करून निवृत्त झालेल्या. गुडघे गेले म्हणून बोट विकायला काढलेली. त्यांनी मावशीला नखशिखान्त न्याहाळलं. मावशी तरीही चढली, इकडेतिकडे ठोकलं, आत डोकावली, इंजिन चालू करून बघितलं आणि "हं" म्हणाली.

"झालं बघून?" वकीलबाई म्हणाल्या. "आता उतरा. तुम्हाला नाही विकायची."

"का?"

"तोंड आवडलं नाही."

मावशीला असं कुणी बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. घरी येईपर्यंत ती बोटं मोडत होती. मला आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर तिला एक पांढरीशुभ्र, मोठी बोट पसंत पडली. दोन केबिन, स्वयंपाकाची जागा, किंमतही आवाक्यात. इतकी स्वस्त का, हे मी विचारलं तर माझ्यावरच डाफरली. पण परीक्षक होती ना शेवटी; पैसे देण्याआधी तिने बोटी तपासणारा माणूस बोलावलाच. बोट क्रेनने वर काढली. तिला सरळ उभं ठेवणारं जड लोखंडी पातं पोटाखाली असतं, ते धरून ठेवणारे बोल्ट गंजून पेन्सिलीएवढे उरले होते. भर समुद्रात पातं सुटलं असतं तर बोट तिथेच आडवी. विकणारा हात झटकून म्हणाला, "जुन्या बोटीत एवढं चालायचंच."

मावशी छत्री उचलून सरळ गाडीत जाऊन बसली. तेव्हा मला पहिल्यांदा तिची काळजी वाटली. परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्या टबाचा तळ कोरडा होता."

"कुठल्या टबाचा?"

"हिरव्या. डेक कुठेही दबलं नाही. इंजिन थंड होतं, तरी पहिल्या फटक्यात चालू झालं. शिडाची ठिगळंसुद्धा नीट, मापात शिवलेली." आणि मग, दात काढून घेतल्यासारखा चेहरा करून, "गाडी वळव."

वकीलबाई डेकवर दोर गुंडाळत बसल्या होत्या. "माफी मागायला आलात की किंमत पाडायला?"

"दोन्ही."

त्या हसल्या नाहीत, पण सरकून त्यांनी जागा दिली. "पुढच्या बंदरापर्यंत न्या आणि परत आणा. मी बाजूला बसणार. मग ठरवू."

मी केबिनच्या दाराशी मुठी आवळून बसले होते. बंदराची भिंत ओलांडली तशी बोट एका कुशीवर झुकली. मावशीने ओठ घट्ट मिटले, थोड्या वेळाने ती पांढरी पडली आणि सुकाणूचा दांडा न सोडता बाजूला मान काढून ओकली. एकदा नाही, जाता-येता सारखी. वकीलबाई आल्याच्या गोळ्या चघळत समोर बघत होत्या. "वाऱ्याकडे लक्ष. तो काय तुमच्या ओकण्यासाठी थांबलाय?" मावशीने डोळे वटारले, पण उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं. परत धक्क्याला लावताना अंदाज चुकला आणि बोट दाणकन आपटली.

"नापास," वकीलबाई म्हणाल्या.

मावशीचे कान लाल झालेले मी त्या दिवशी बघितले. आता ही फुटणार, म्हणून मी उठून दोघींच्या मध्ये जायला लागले. पण तिने रुमालाने तोंड पुसलं आणि विचारलं, "पुन्हा कधी येऊ?"

ती परत गेली. मग आणखी परत. दर खेपेला बोलणी खाऊन यायची आणि रात्रीच्या जेवणाआधी काकांना कागदावर वाऱ्याचे बाण काढून दाखवायची. वकीलबाईंना ती "म्हातारं घुबड" म्हणायची, पण वेळ मात्र कधी चुकवली नाही. शेवटी एका दुपारी तिने बोट धक्क्याला अशी अलगद लावली की मला टेकल्याचं कळलंही नाही. वकीलबाई म्हणाल्या, "घ्या. तुमची."

"आधी तपासणी करून घेणार," मावशी म्हणाली. "तुमच्या शब्दावर कोण घेतंय?"

मी डोक्याला हात लावला. तपासणाऱ्याला सुकाणू जरा ढिलं सापडलं. वकीलबाईंनी रागारागाने स्वतः ते बसवून दिलं. तेव्हापासून त्या दोघींचं इतकं जमलं, की त्या तासन् तास फोनवर तिसऱ्या माणसाला नावं ठेवतात.

आता मावशी वर्षातले कितीतरी महिने बंदराबंदरातून फिरते. काका अर्ध्या वाटेपर्यंत बसने जातात आणि तिथून तिच्याबरोबर येतात, उलट्या दिशेला तोंड करून, डोळे मिटून. बोटीचा रंग तिने बदललेला नाही; रंगाऱ्याबद्दल तिचं मत वाईट आहे. वाटेतल्या बंदरांबद्दल, तिथल्या कर्मचाऱ्यांबद्दल आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या बोटींबद्दलही.

मागच्या सुट्टीत मी दोन दिवस तिच्याबरोबर गेले. एका खाडीत आम्ही नांगर टाकून चहा करत होतो. तेवढ्यात पलीकडच्या मोठ्या बोटीचा नांगर सुटला आणि ती हळूहळू खडकांकडे सरकायला लागली. मालक डेकवर नुसता येरझारा घालत होता. "बघा, बघा," मावशी म्हणाली. "नांगर टाकलाय की पाण्यात नाणं टाकून इच्छा मागितलीय?" आणि असं बोलत बोलतच ती आमच्या छोट्या रबरी होडीत उतरली. वल्ही मारत गेली, त्या बोटीवर चढली, त्या माणसाला इंजिन चालू करायला लावलं, नांगर वर ओढून नीट पकड बसेपर्यंत पुन्हा टाकायला लावला. तिचं ओरडणं मला इथपर्यंत ऐकू येत होतं. त्याच्या खानदानात कुणाला डोळे आहेत का, अशी चौकशी चालली होती.

परत येईपर्यंत ती नखशिखान्त भिजली होती आणि चहाचं पार थंडगार पाणी झालं होतं. "गाढव आहे," ती टॉवेल शोधत म्हणाली. "उद्या सकाळी बोलावलंय त्याला. शिकवते."