छावणीतली पांढरी गोळी

आईला साखर, बीपी आणि हृदयाचा त्रास, तिन्ही होते. दर महिन्याला तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचो. केसपेपर काढायचा, रांग धरायची, डॉक्टरांशी बोलायचं, सगळं माझ्याकडं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. त्याचा अभिमान होता, आजही आहे. गोळ्यांचा तक्ता करून भिंतीला चिकटवला होता. सकाळची पांढरी गोळी लघवीची, अंगातलं पाणी उतरवायला.

ते दुष्काळाचं वर्ष. सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी काढली होती आणि हजेरीचं रजिस्टर माझ्याकडं होतं. जनावरापाशी घरचं माणूस दिवसभर पाहिजेच, असा नियम. भाऊ-भावजय ऊसतोडीला गेलेले, मी टेबलाशी. म्हणून आमच्या बैलांपाशी आई बसायची, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत.

तिचे पाय सुजले. सिरसाळ्याच्या बाजारात घेतलेल्या चपला पायात जाईनात. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायची.

डॉक्टरांनी नडगीवर बोट दाबलं. पडलेला खड्डा लवकर भरेना.

"आजी, गोळ्या रोज घेता ना?"

"घेते सर ती," मीच म्हणालो. "तक्ता केलाय मी."

त्यांनी एका पांढऱ्या गोळीच्या दोन केल्या. पुढच्या महिन्यात सूज गुडघ्याच्या वर गेली होती.

"असंच राहिलं तर छातीत पाणी भरेल," ते म्हणाले. "मग माझ्या हातात काही राहणार नाही."

मला काहीच वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं. केसपेपरची घडी घातली आणि औषधाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

मागं बाकावर आई बसली होती. शेजारी तिच्याच वयाची एक बाई.

"पांढरी घेतीस का गं?" बाईनं विचारलं.

"कशाची घेतीय! घेतली की घटकाघटकाला उठावं लागतंय. माळाला झाड न्हाई, झुडूप न्हाई. चहूकडं गडीमाणसं. बसावं कुठं?"

"मग पोराला सांग की. लई शिकलंय म्हणतीस."

"शिकलंय. पर हे कसं सांगावं त्याला?" आई हसली. "त्येच तर तिथं खुर्ची टाकून बसलेलं असतंय."

मी रांग सोडली. आत जाऊन डॉक्टरांना म्हणालो, "ती गोळी घेतच नव्हती." त्यांनी दोनाची पुन्हा एक केली. घरी आल्यावर मी गोळ्या मागितल्या, तेव्हा आईनं कमरेची चंची सोडली. तंबाखूत कालवलेल्या पांढऱ्या गोळ्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी छावणीच्या कोपऱ्यात मी चार बांबू रोवले, चाऱ्यावरची ताडपत्री ओढून आणली. सोसायटीचे चेअरमन आले.

"काहून रे? बी.ए. झालास अन् मोऱ्या बांधाय लागलास व्हय?"

"तोवर रजिस्टर तुमी धरा," मी म्हणालो.

ताडपत्री बांधून होईस्तोवर बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. आईच्या हातावर गोळी ठेवली. ती तळहाताकडं बघत राहिली.

"आदी तू तिकडं तोंड कर."

मी खुर्ची फिरवली. तिनं तांब्या उचलल्याचा आवाज आला.

पुढं चपला पायात जायला लागल्या. खुर्ची मात्र छावणी उठेपर्यंत तशीच राहिली, पाठमोरी.