बायोडाटातली बी.ए.

बुलढाण्याच्या होस्टेलवर मी कॉलेजच्या प्रकल्पाचा तक्ता काढत होते. भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या तरुण मुली येत्या काळात किती शिकतील, त्याच्या दोन रेषा. दोन्ही कशा झोकात वर चढत होत्या.

तेवढ्यात सोनाळ्याहून आईचा फोन आला. "उद्या पाहुणे येऊन राह्यले तुले पाहाले. सकाळच्या गाडीनं ये."

"अवं आई, शेवटची परीक्षा महिन्यावर आली!"

"तुह्या बाबानं बायोडाटात बी.ए. पास लिहून टाकलं. आता कोण विचारते?"

ताईलाही असाच फोन आला होता, ती होस्टेलवर परतलीच नाही. तिची शेवटच्या वर्षाची कोरी पुस्तकं आता मी वाचत होते.

तक्त्यात मी पदवीधर, बायोडाटातही पदवीधर. परीक्षेला परत येऊ देशील ना, एवढं आईला विचारायची मात्र माझी छाती झाली नाही.