चौदाची रेघ

आईचे डोळे तपासून घ्यायला इंदूरच्या एका दवाखान्यात बसलो होतो. शेजारच्या साठीच्या गृहस्थांनी इन्सुलिन भरलेली सुई माझ्यापुढे धरली.

"भिया, चौदाच्या रेघेवर आलंय का, जरा देखो ना."

आलं होतं. त्यांनी शर्ट वर करून पोटात टोचून घेतलं आणि जेवणाचा डबा उघडला.

जेवताना ते सांगू लागले. ते कामाला होते ती मिल बंद पडली तेव्हा खचून त्यांनी मधुमेहाची औषधं सोडली होती. साखर चढली, मोतीबिंदू पिकला. साखर उतरेपर्यंत डॉक्टर ऑपरेशन करेनात.

"मिल चालवणं माझ्या हातात नव्हतं. हे आहे," सुईकडे बोट दाखवत ते म्हणाले.

तेवढ्यात नर्स सकाळच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन आली. "काका, साखर उतरली. सोमवारी सकाळी नऊला ऑपरेशन!"

मी त्यांच्यासाठी वार, वेळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहू लागलो.

"बारीक लिहा," ते हसले, "डोळ्यावरची पट्टी निघाली की वाचून बघतो."